सोळावा गुण

१४ नोव्हेंबर २००२, गुरुवार

बालदिन. सकाळी महाडच्या एका शाळेत मला प्रमुख पाहुणी म्हणून बसवलं. एका पुढाऱ्यानं पाऊण तास सांगितलं की मुलं म्हणजे देवाघरची फुलं. फुलं उन्हात बसली होती. दोन मुलींना चक्कर आली. त्यांना उचलून नेलं, भाषण चालूच. मी उठून पाणी मागितलं तेव्हा मीच कार्यक्रम बिघडवल्यासारखे सगळे माझ्याकडे बघत राहिले.

तशीच संतापलेली दुपारी पोलादपूरला गेले. तिथे ग्रामसेवकानं बोलावलं होतं. माथ्यावरच्या धनगरवाडीत वस्तीशाळा चालवणारा सुनील कशेडी घाटात मोटारसायकलवरून पडला, पाय प्लास्टरमध्ये. गरिबांचा सर्व्हे त्यानं करायचा होता. वर दीड तासाची चढण आहे, म्हणून दुसरं कोणी तयार नाही.

"डॉक्टरीणबाई, तुम्ही दर गुरुवारी जाताच की वर. सात घरं आहेत फक्त. तेवढे फॉर्म भरून आणा," ग्रामसेवक म्हणाला. "सही सुनीलची घेऊ."

हे, म्हणजे आमचे डॉक्टर, गेल्याला चार वर्षं झाली. त्यांचा गुरुवारचा दवाखाना माथ्यावर असायचा. आता मी जाते. औषधं नेते, गोष्टींची पुस्तकं नेते. हर्षद पुण्याहून फोन करतो, "आई, गुडघे सांभाळ." त्याला काय सांगू, आठवड्यात त्या एका दिवशीच माझे गुडघे दुखत नाहीत.

फॉर्म वाचला. तेरा प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते चार गुण. जमीन, घर, कपडे, जेवण, घरातल्या वस्तू, मुलं शाळेत जातात की कामाला. गुण जितके कमी तितकं कुटुंब गरीब. रेष कुठे ओढायची ते मागाहून ठरणार.

"खरं तेवढंच लिहीन," मी बजावलं.

"म्हणून तर तुम्हाला सांगतोय," तो म्हणाला.

पाचगणीच्या कॉन्व्हेंटची आठवण झाली. सिस्टर क्लेमेंटाइन वहीवर लाल शाईनं लिहायच्या, अक्षर आणि खरेपणा, दोन्ही सरळ रेषेत ठेव. किती वर्षं झाली. अजून ओळ वाकडी गेली की मला ओशाळल्यासारखं होतं.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

दमले आहे, पण आजचं आजच लिहायला हवं.

पहिलं घर भैरू ढेब्याचं. म्हशी दोन, शेळ्या पाच, उताराला नाचणी. बायको भागूबाई आणि दहा वर्षांची रंजिता, चौथीतली. वाडीवरची सगळ्यात चुणचुणीत पोर. मी गेले तर ओटीवर निळ्या पट्ट्यांची लोखंडी खुर्ची मांडलेली. तिसरी पट्टी तुटलेली, तारेनं बांधलेली. "बसा बाई, भुईवर नको," भागूबाई म्हणाली. मेढीला लाल रेडिओ टांगलेला. वस्तूंच्या रकान्यात रेडिओला एक गुण. लिहिला.

"लावत नाही का गं?"

"लावतो की. सांजच्याला."

म्हणजे दिवसा बंद ठेवतात, पोरीच्या अभ्यासासाठी. केवढी शिस्त. माझ्या सुशिक्षित शेजारणींकडे नाही.

कपडे विचारले. भागूबाई माझ्या दिवाळीच्या लुगड्यात होती. रंजिताच्या अंगात हर्षदच्या मुलीचा फ्रॉक. जेवण विचारलं. "दोन येळ खातो बाई, पोटभर," ती म्हणाली आणि दूध घालून चहा पुढे केला. सगळं लिहिलं.

मुलांच्या प्रश्नाला मला फार आनंद झाला. शाळेत जाते, काम करत नाही. चारपैकी चार. सकाळी शेळ्या सोडते, पाणी आणते, पण त्याला काय काम म्हणायचं? आम्हीही बोर्डिंगात चादरींच्या घड्या घालायचो.

दुसऱ्या घरी, सोमाकडे, तशीच खुर्ची. निळ्या पट्ट्या. आणि गंमत म्हणजे तिथेही तिसरीच पट्टी तुटलेली, तारेनं बांधलेली. तिसऱ्या घरी तेच. मग माझं डोकं फिरलं. महाडच्या कुणा दुकानदारानं या भोळ्या माणसांच्या गळ्यात खराब माल मारलेला दिसतो.

रेडिओही घरोघरी, एकाच छापाचे. कुठल्या तरी योजनेत वाटले असणार. पाण्याला बायका अर्धा डोंगर उतरतात, रस्ता नाही, बाळंतीण झोळीत घालून खाली आणतात, आणि हे रेडिओ वाटतात!

रंजिता प्रत्येक घरी माझ्या आधी हजर. गुडघा खरचटलेला, केसांत काटे, धाप लागलेली.

"पळतेस कशाला अशी?"

"तुमाला वाट दाखवाया, बाई."

वाट दाखवायला पुढे चालावं लागतं. ही तर मागच्या बांधाकडून उगवायची. पण कौतुक वाटलं. चंद्राबाईकडे, त्या एकट्या म्हातारीकडे, शेवटचा फॉर्म भरला. तिच्या गळक्या झोपडीतही खुर्ची आणि रेडिओ होतेच, दूध घातलेला चहाही.

सात फॉर्म. एकही खाडाखोड नाही.

२२ नोव्हेंबर

चंदूशेठच्या फर्निचरच्या दुकानात जाऊन त्याला फैलावर घेतलं. सात खुर्च्या, सातही तिसऱ्या पट्टीला तुटलेल्या, लाज नाही वाटत?

"वहिनी," तो म्हणाला, "या जन्मात मी धनगराला खुर्ची विकली नाही. ते कशाला घेतील? त्यांच्यात पाव्हणा घोंगडीवर बसतो."

"मी स्वतः बसून आले."

"मग बसलात त्याअर्थी मजबूत असणार."

दुकानातले दोघं हसले. खोटारडा माणूस. ह्यांच्या वेळी याच्या बापाचं औषध फुकट चालायचं.

९ जानेवारी २००३, गुरुवार

आज आनंदाचा दिवस. भागूबाई आणि रंजिताला घेऊन पोलादपूरच्या मुलींच्या वसतिगृहात गेले. चौथीनंतर वाडीवर शाळा नाही. खालच्या गावची शाळा रोज चढउतार करून शक्य नाही, पावसाळ्यात तर ओढा चार-चार दिवस वाट अडवतो.

भैरूच्या मेव्हण्यानं रंजितासाठी नवी मुंबईत एक घर बघून ठेवलंय. लहान बाळ सांभाळायचं. "खाऊन-पिऊन, कापडंलत्तं. मोठी माणसं हायेत," भैरू म्हणतो. दहा वर्षांची पोर. माझी नात तिच्याएवढी आहे, तिला अजून वेणी घालता येत नाही.

वसतिगृहाच्या अधीक्षिका सुप्रिया मॅडम कडक आहेत पण मनानं चांगल्या वाटल्या. त्यांनी रंजितासमोर वर्तमानपत्र ठेवलं. पोरीनं घसा खाकरला, पाठ ताठ केली आणि सुरू झाली, "नमस्कार. प्रादेशिक बातम्या. देत आहे रंजिता ढेबे." मग सगळी बातमी, एकाही जोडाक्षराला न अडखळता, अगदी निवेदिकेच्या सुरात. मॅडमना हसू आवरेना.

"कुठे शिकलीस गं?"

"रेडिओवर," भागूबाईच म्हणाली. "सांजच्याला सगळी वाडी ऐकाया बसती हिच्या बातम्या."

दहा जागा फुकट आहेत, दारिद्र्यरेषेखालच्या दाखल्यावर. एक रंजितासाठी राखते म्हणाल्या, दाखला तेवढा जूनपर्यंत आणा. आता काळजी नाही. तिच्या घरचा फॉर्म मी स्वतःच्या हातानं भरलाय.

२२ एप्रिल, मंगळवार

यादी लागली.

वाडीच्या खालच्या गावात, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर तीनदा वाचली. या गावाला रेष पंधरावर ओढलीय. पंधरा गुणांपर्यंत गरीब. वाडीच्या सातांपैकी चार घरं बाहेर. भैरू ढेबे, सोळा.

सोळा म्हणजे गरीब नाही. ज्याच्या भिंतीतून कुडाच्या काठ्या मोजता येतात, ज्याची बायको मला चहा देते आणि स्वतः घेत नाही, तो गरीब नाही. आणि यादीत वरून तिसरं नाव कोणाचं? सरपंच भागोजीच्या चुलतभावाचं. दारात दोन बैल, माडीवर डिश अँटेना. त्याला अकरा.

ग्रामसेवकापुढे जाऊन ओरडले. असं मी कधी कुणावर ओरडले नव्हते.

"बाई, फॉर्म तुमचे," तो शांतपणे म्हणाला. "अक्षर बघा. तुमचंच ना?"

माझंच होतं. सुरेख, सरळ रेषेत.

"एका गुणाचा तर सवाल आहे," तो पुढे म्हणाला. वाईट माणूस नाही, आवाजात आपुलकी होती. "एक मेला ग्रामसभा आहे, हरकत घ्या. काही तरी कमी झालं पाहिजे. ही पोर शाळेत जाते, त्याचे चार लागलेत. शाळेतून काढलीय, कामाला जाते असं दाखवा. सरळ शून्य. घर रेषेत."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही.

"वसतिगृहात जागा मिळावी म्हणून तिला शाळेतून काढू?"

"कागदावर हो. असंच आहे ते."

घरी येऊन देवापुढे बसले. देवाचाही राग आला.

२४ एप्रिल, गुरुवार

वर गेले. तोंड कसं दाखवावं कळत नव्हतं.

भैरू शेळीच्या पायातला काटा काढत होता. ऐकून घेतलं. मान वर न करता म्हणाला, "मंग काढतो शाळंतनं. गुण कमी व्हत्याल का?"

"अरे, ती शाळेत जावी म्हणूनच तर."

"जाऊ दे वो बाई. मेव्हण्याला सांगावा धाडतो. ते घर तरी कागूद मागत नाय."

रंजिता दाराशी उभी होती. तिच्या अंगात तोच फ्रॉक होता, खांद्याला उसवलेला.

मग राग भागूबाईवर निघाला. काढायला नको होता. म्हटलं, "दोन वेळ पोटभर खातो म्हणून कशाला सांगितलंस? आणि एवढ्या गरिबीत रेडिओ कशाला? त्याचा एक गुण लागला, तोच हा सोळावा. सातही घरांना तो एकेक गुण लागलाय."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिला हसू फुटलं. पदर तोंडावर घेऊन हसली.

"सात कुठले बाई? एकच हाय. वाडीत एकच. आन् खुर्चीबी एकच, ती सोमाची."

मला समजायला वेळ लागला. माझ्यासारख्या शिकलेल्या बाईला फार वेळ लागला.

मानाचा पाहुणा आला की तो एका घरचा नसतो, वाडीचा असतो, असं तिनं समजावलं. त्यानं ज्या घरात पाय ठेवायचा तिथे वाडीतली चांगली वस्तू आधी जाऊन बसते. लग्नाच्या बोलणीला असंच करतात. माझ्यासाठी ठरलं, डॉक्टरीणबाई पहिल्यांदा घरोघर येणार, त्यांना कुठल्याच घरात उणं दिसायला नको. मी एका घरात लिहीत बसले की मागच्या दारानं सोमा खुर्ची उचलायचा आणि रंजिता रेडिओ. मागच्या बांधावरून, करवंदीच्या जाळीतून, पळत. चंद्राबाईकडचं दूधसुद्धा भागूबाईचंच होतं.

"आमच्या रंजीचा गुडगा फुटला त्या दिशी," भागूबाई म्हणाली.

म्हणजे तो सोळावा गुण पोरीनं स्वतः छातीशी धरून सात घरी पोचवला होता. आणि मी एकेका घरी तो सुवाच्य अक्षरात लिहून घेतला होता.

"दोन येळची गोष्ट," ती हळूच म्हणाली, "ती तुमाला कशी सांगनार? तुमी चढून आलेल्या. तोंडावर उपास कोन सांगतं?"

तीन वर्षं दर गुरुवारी वस्तीशाळेच्या ओट्यावर बसून मी त्यांच्याकडचा चहा पितेय.

२५ एप्रिल

चंदूशेठची माफी मागितली. तो म्हणाला, "कुठल्या खुर्चीबद्दल?" विसरूनही गेला होता. मी विसरणार नाही.

१ मे, गुरुवार

भैरीच्या देवळापुढे ग्रामसभा. वाडीवरून सहा माणसं उतरली, भागूबाई आणि रंजितासकट. भैरूनं येताना तो रेडिओ घोंगडीत गुंडाळून आणला होता, साहेबांना खरं दाखवायला. ती माणसं मागे चिंचेखाली बसली. पुढे बसा असं त्यांना कोणी म्हटलं नाही.

मी उठून सांगितलं की मी एक रेडिओ सात वेळा लिहिला. चूक माझी. सहा घरांचा गुण काढा.

सभा खदखदून हसली. सरपंच भागोजी म्हणाला, "सात घरं, सात रेडिओ. मला वाटलं वर बँडपथक काढलंय."

"वयनी, म्हशी तरी नीट मोजल्या का? नायतर तीच म्हस सात गोठ्यांत," कोणी तरी मागून म्हणालं.

ग्रामसेवकानं हात वर केला. "सहा घरांचा एकेक गुण काढता येईल. बाईंनी लेखी द्यावं. पण एक रेडिओ आहे ना? तो कोणाचा तरी आहे. ज्याचा आहे त्याचा गुण राहणार. कोणाचा?"

मी चिंचेकडे बघितलं. रेडिओ भैरूचा होता. मुंबईत तबेल्यावर राबला त्या साली आणलेला. वाडीला माहीत होतं, मलाही आता माहीत होतं.

"त्यो वाजतबी नाय," भागूबाई बसल्या जागेवरून म्हणाली. "दोन वरसं झाली, सेल नाय त्यात."

"मग त्या बातम्या?" माझ्या तोंडून गेलं.

"त्या रंजी देती. रेडिओ म्होरं ठेवून. तुमच्या औषदाच्या पुडीचा पेपर वाचून."

"वाजतो का, हे फॉर्ममध्ये विचारलेलं नाही," ग्रामसेवक म्हणाला. "आहे की नाही, एवढंच. बोला, कोणाचा?"

भैरूनं मान खाली घातली. तो खोटं बोलणार नव्हता, देवळापुढे तर नाहीच. चंद्राबाई काठीवर भार देऊन उठायला लागली. मला कळलं ती काय म्हणणार. तिचेही सोळाच होते, आणि महिन्याचं धान्य त्या यादीवर मिळतं.

"माझा आहे," मी म्हटलं.

भागोजी वळला. "तुमचा?"

"माझा. आमच्या घरातला. ह्यांनी दवाखान्याच्या दिवशी वर नेला होता, तिथेच राहिला. हवं तर हेही लेखी देते."

आयुष्यात मी एवढं मोठं खोटं, एवढ्या लोकांत, देवासमोर, कधी बोलले नव्हते. आणि गेलेल्या नवऱ्याला त्यात साक्षीला ओढलं. आवाज जरासुद्धा थरथरला नाही.

ग्रामसेवकानं माझ्याकडे बघितलं. त्याला सगळं कळलं होतं. "मग तो तुमच्या घरी पाहिजे," तो सावकाश म्हणाला. "पावसाळ्यानंतर फेरतपासणीला माणूस वर जाईल. तिथे दिसला तर मी काही करू शकणार नाही."

भैरू उठला. सगळ्या माणसांतून चालत पुढे आला. त्यानं घोंगडी सोडली, रेडिओ दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला आणि म्हणाला, "घ्या बाई. तुमची वस्तू."

सभेत कोणी हसलं नाही. मीही त्याच्याकडे बघू शकले नाही. ज्या घरात उणं दिसू नये म्हणून वाडीनं एवढी धावपळ केली, त्यातच उणं आहे हे चारचौघांत सिद्ध व्हावं म्हणून मी त्याच्या हातची चांगली वस्तू काढून घेत होते. आणि याला म्हणे गरिबी हटवणं.

भागोजीच्या चुलतभावाच्या अकरा गुणांवर मी हरकत घेतली. "विषय संपला, चहा घ्या," भागोजी म्हणाला. मी घेतला नाही.

३ मे

हर्षदचा फोन. सगळं ऐकून म्हणाला, "आई, सिस्टीमच अशी आहे." मी फोन ठेवून दिला. सिस्टीमला तोंड नसतं. त्या कागदावर अक्षर माझं होतं.

१६ जून, सोमवार

दाखला मिळाला. पंधरा गुण. रंजिता वसतिगृहात दाखल झाली. पत्र्याची पेटी, दोन फ्रॉक, एक पितळी तांब्या. भागूबाई फाटकाबाहेरच थांबली, आत यायला तयार होईना. "माझ्या पायाला चिखूल हाय," म्हणाली. सगळ्यांच्याच पायाला चिखल होता.

रंजिता मला सोडायला फाटकापर्यंत आली.

"बाई, तुमी त्या दिशी खोटं बोललात ना?"

"हो."

"मंग तुमचं किती गुण कापलं?"

"माझे कोणी मोजत नाही गं."

तिनं यावर विचार केला. हे तिला पटलेलं दिसलं नाही. मग म्हणाली, "आता वाडीत बातम्या कोन देनार? माझ्या आबाला पेपर वाचाया येत नाय."

पन्नास वर्षांपूर्वी पाचगणीच्या फाटकात मीही अशीच उभी होते, वडिलांची मोटार वळेपर्यंत. तेव्हा मला वाटलं होतं की जगात माझ्याइतकं दुःखी कोणी नाही. अगं मेले, तुझ्या पेटीत सहा फ्रॉक होते.

१७ जून, मंगळवार

रेडिओ दीड महिना कपाटात होता. आज सकाळी काढला, पुसला. मागचं झाकण उघडलं. आत कोरडं, स्वच्छ. कोणी तरी आतली धूळही फुंकून काढत असणार.

कोपऱ्यावरच्या दुकानातून दोन सेल आणले. घातले, बटण फिरवलं. लागलीच वाजला. काहीही बिघडलेलं नव्हतं.

दोन सेल. तीन वर्षं मी टॉनिकच्या बाटल्या वाहिल्या, इंग्रजी चित्रांची पुस्तकं वाहिली, नातीचे फ्रॉक वाहिले. मेढीला टांगलेला रेडिओ बघितला आणि वहीत शिस्त म्हणून लिहिलं. का वाजत नाही, एवढं विचारलं नाही.

बातम्या मधेच बंद केल्या. सेल काढून कागदात गुंडाळले.

भागूबाईच्या भावाचा रेडिओ खालच्या गावात आहे, तो संध्याकाळी वर नेऊन आणता येईल, असं सोमा सांगत होता. सेलाचंच अडतं. परवा गुरुवारी नेईन. सात घरांना दोन-दोन सेल, म्हणजे चौदा; रेडिओ ज्या घरी बसेल तिथले घालायचे. तपासणीला कोणी आला आणि डब्यात सेल सापडले तरी भीती नाही. मी फॉर्म पुन्हा नीट वाचून बघितला. सेलाचा प्रश्न त्यात नाही.